बायपासनंतर पाचव्या आठवड्यात छातीत पाणी : देवगड तालुक्यातील एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावातील आंबा बागायतदाराचे आहे. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासण्या आणि घेतलेले निर्णय मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. रुग्णाचे वय ६१, वजन ५८ किलो, दहा-बारा वर्षांचा मधुमेह आणि तरुणपणापासूनची विडी, जी शस्त्रक्रियेसाठी दाखल होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी सुटली. चढ चढताना छाती भरून येऊ लागली म्हणून केलेल्या अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले. सिंधुदुर्गातील रुग्ण अशा वेळी सहसा गोव्यातील बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात. या कुटुंबाचा मुलगा डोंबिवलीला राहत असल्याने शस्त्रक्रिया मुंबईत करायचे ठरले.

आषाढ सरता सरता बायपास झाली. छातीच्या आतील बाजूची डावी मॅमरी धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडण्यात आली आणि डाव्या पायातून काढलेल्या शिरेचे तुकडे उरलेल्या दोन वाहिन्यांना. ही धमनी छातीच्या भिंतीपासून सोडवून घेताना डाव्या फुप्फुसाभोवतीचे आवरण बहुतेक वेळा उघडले जाते. शिवाय दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, आणि त्याच बाजूचा फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही. म्हणूनच बायपासनंतरच्या एक्स-रेत डाव्या कोपऱ्यात थोडे पाणी दिसणे हे नेहमीचेच आहे आणि बहुतेकांचे ते आपोआप जिरते. महिनाभरानंतरही त्या बाजूचा चौथा हिस्सा भरेल इतके पाणी राहणारे रुग्ण साधारणपणे दहांत एक असतात. आपले रुग्ण त्या दहाव्यांपैकी होते.

नवव्या दिवशी त्यांना घरी सोडण्यात आले. डिस्चार्ज कार्डावर छातीच्या एक्स-रेबद्दल 'समाधानकारक' एवढाच शब्द होता. जखम दाखवण्याची एक फेरी झाली, आणि गणपतीआधी घर गाठायचे म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते रेल्वेने कणकवलीला उतरून गावी आले.

समस्या

गावी आल्यावर चार-पाच दिवस बरे गेले. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली, कोरडा खोकला लागला आणि डाव्या बरगडीखाली श्वास घेताना टोचू लागले. गावातील डॉक्टरांनी छातीतील जंतुसंसर्ग गृहीत धरून प्रतिजैविक दिले आणि पायाला सूज दिसल्यामुळे लघवी वाढवणारी गोळी जोडली. दोन्ही निर्णय त्या वेळच्या माहितीला धरून होते. शीर काढलेल्या पायाला काही आठवडे सूज राहते हे खरे, पण हृदय थकल्यामुळेही सूज येते, आणि दवाखान्यात स्टेथोस्कोपशिवाय हाताशी काही नसताना या दोहोंतला फरक करणे सोपे नसते. आठवडा उलटला तरी ताप उतरला नाही आणि दम वाढत गेला.

शस्त्रक्रियेनंतर ३३व्या दिवशी, चतुर्थी दोन दिवसांवर आली असताना, ते माझ्याकडे तपासणीला आले. त्यांनी स्वतःची तक्रार एका वाक्यात सांगितली : "आडवो पडलंय की दम कोंडता, बसलंय की बरा वाटता." रक्तातील ऑक्सिजन ९३ टक्के, श्वास मिनिटाला २६, नाडी १०४, ताप १००.२ फॅरनहाइट. डाव्या बाजूला पाठीवर बोटाने ठोकले असता खांद्याच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत भरीव आवाज येत होता आणि तिथे श्वास ऐकू येत नव्हता. एक्स-रेत डावी छाती निम्म्याहून जास्त पांढरी होती.

येथे पहिली अडचण उभी राहिली : तुलना कशाशी करायची? डिस्चार्जच्या दिवशीचा एक्स-रे पाहिल्याखेरीज हे पाणी तेव्हापासूनचे आहे की नंतर झाले, हे ठरत नव्हते. ती फिल्म डोंबिवलीच्या घरात कपाटावर राहिली होती. मुलाने ती खिडकीच्या काचेला धरून फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मागे समोरच्या इमारतीची जाळी दिसत होती, तरी डावा कोपरा किंचित बोथट झालेला आणि छाती-पोटामधल्या पडद्याचा घुमट जागच्या जागी असल्याचे ओळखता येत होते. त्या एका फोटोने दोन गोष्टी सांगितल्या : घरी सोडताना पाणी थोडे होते, म्हणजे उरलेले नंतर साचले, आणि डावा पडदा वर चढलेला नव्हता, म्हणजे शस्त्रक्रियेत त्याची नस दुखावून सगळा प्रकार झाला असण्याची शक्यता कमी.

विचारात घेतलेल्या शक्यता

बायपासनंतर दम लागण्याची कारणे बरीच आहेत, पण ती काळानुसार बदलतात, आणि निदानाला त्या काळाचा मोठा आधार मिळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत फुप्फुसाचा भाग न फुगणे हे मुख्य कारण असते. पहिल्या आठवड्यात न्यूमोनिया. सुरुवातीच्या आठवड्यांत साचलेले पाणी बहुधा रक्तमिश्रित असते. महिन्यानंतर साचणारे पाणी पिवळसर, लिम्फोसाइट पेशींनी भरलेले असते आणि त्यामागे शरीराची हृदयावरणाच्या जखमेला दिलेली प्रतिक्रिया असते, जिला पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम म्हणतात.

या रुग्णाच्या बाबतीत चार शक्यता मनात होत्या. हृदयाचे कार्य कमी पडल्याने साचणारे पाणी बहुधा दोन्ही बाजूंना असते आणि त्याला ताप येत नाही. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे ही भीती सुजलेल्या पायामुळे टाळता येत नव्हती. गुठळीचा अंदाज देणारी डी-डायमर ही रक्ततपासणी शस्त्रक्रियेनंतर तशीही वाढलेली असते, त्यामुळे तिचा उपयोग नव्हता, आणि मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारे क्रिएटिनिन १.४ असताना लगेच रंगद्रव्य देऊन सीटी करण्याची घाई नको वाटली. पायाचा डॉपलर करून घेतला. खोल शिरांत गुठळी नव्हती, त्यामुळे ही शक्यता मागे पडली. उरल्या दोन : शस्त्रक्रियेनंतरची ही प्रतिक्रिया आणि क्षयरोग.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की क्षय हे समीकरण डॉक्टरांच्याही अंगवळणी पडले आहे, आणि ते निराधार नाही. या घरात तर त्याला जास्तच वजन होते, कारण रुग्णाचे थोरले भाऊ गिरणीत कामाला असताना क्षयाने आजारी पडले होते आणि तरुणपणी हे दोघे लालबागच्या एकाच खोलीत राहत होते.

पहिला निर्णय : इको लांबवायचा की नाही

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारे भेट देणारे हृदयरोगतज्ज्ञ रविवारी यायचे होते, तोवर चार दिवस होते. पण महिन्याभरानंतर ताप, छातीत टोचणे आणि पाणी हे तिन्ही एकत्र दिसले तर हृदयाभोवतीही पाणी असू शकते, आणि ते वाढले तर हृदयावर दाब येऊन रुग्ण तासाभरातही खालावू शकतो. मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या, रक्तदाब ठीक होता, हृदयाचे ठोके स्पष्ट होते. तरीही छातीत सुई घालण्याआधी हृदयाभोवती काय आहे हे माहीत असणे मला अत्यावश्यक वाटले. त्याच दिवशी कणकवलीला पाठवून टूडी इको करून घेतला. हृदयाभोवती थोडे पाणी, दाबाची लक्षणे नाहीत, पंपाचे कार्य ५० टक्के, म्हणजे जवळपास सामान्य. म्हणजे हृदय थकल्याची शक्यताही बरीच मागे पडली.

या सिंड्रोमच्या निदानासाठी पाच निकष वापरतात : दुसऱ्या कारणाविना ताप, श्वासाबरोबर छातीत दुखणे, हृदयावरणाचा घर्षणध्वनी, हृदयाभोवती पाणी, आणि सीआरपी हा रक्तातील दाहदर्शक घटक वाढलेला असताना फुप्फुसाभोवती पाणी. यांपैकी दोन पुरेसे मानतात. येथे घर्षणध्वनी सोडून चारही होते. सीआरपी ६८ होता. तरीही निकष पूर्ण होणे आणि क्षय नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ताप 'दुसऱ्या कारणाविना' आहे हेच तर ठरायचे होते.

मुंबईला परत पाठवावे का, याचाही विचार झाला. शल्यचिकित्सकांचे पथक तेथे होते, पण चतुर्थीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था येथील वाचकांना सांगायला नको. गाड्या जरी उलट दिशेने येत असल्या, तरी दम लागलेल्या रुग्णाला त्या रस्त्यावर किती तास काढावे लागतील याचा अंदाज कोणी देऊ शकत नव्हते. फोंडा घाटातून कोल्हापूर हा मार्ग मोकळा ठेवला : पाणी काढूनही ऑक्सिजन सुधारला नाही, तर त्याच रात्री निघायचे, आणि त्यासाठी गाडी व सोबतीचा माणूस आधीच ठरवून ठेवायचा. कुटुंबाला हा पर्याय पटला, कारण त्यात 'जायचे की नाही' हा प्रश्न रात्री दोन वाजता नव्याने सोडवावा लागणार नव्हता.

दुसरा निर्णय : गोळ्या चालू ठेवून सुई

रुग्ण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या घेत होते. क्लोपिडोग्रेल थांबवून पाच-सात दिवसांनी पाणी काढणे हा जुना, सावध मार्ग. पण जोडलेल्या शिरा महिन्याभराच्याच होत्या, आणि तेवढे दिवस दम सहन करायला लावण्यात अर्थ नव्हता. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली अनुभवी हाताने बारीक सुई घातल्यास या गोळ्या चालू असतानाही धोका कमी राहतो. शल्यचिकित्सकांशी फोनवर बोलून गोळ्या चालू ठेवल्या.

येथे एक व्यावहारिक बाब नोंदवावी लागेल. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदणी असलेल्या जागेतून सहजी हलवता येत नाही, म्हणून लहान गावांत रुग्णाला सोनोग्राफी केंद्रात पाठवून पाठीवर पेनाने खूण करून आणण्याची पद्धत पडली आहे. खूण बसून केलेली असते, आणि खाटेवर रुग्ण जरा वेगळा वाकला तरी तिच्याखालचे पाणी सरकलेले असते. म्हणून सोनोग्राफीच्याच खोलीत, रुग्णाला स्टुलावर बसवून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकायला लावून, पडद्यावर पाहतच सुई घातली. पाणी गवताच्या रंगाचे निघाले. सुमारे ११०० मिलीलीटर झाल्यावर खोकला सुरू झाला, तेव्हा थांबलो. दाबलेले फुप्फुस एकदम फुगले तर त्यातच सूज येऊ शकते, म्हणून एका वेळी दीड लिटरच्या वर जात नाहीत, आणि खोकला किंवा छातीत आवळणे हा त्याआधीच थांबण्याचा इशारा मानतात. अर्ध्या तासात ऑक्सिजन ९६ टक्क्यांवर आला. कोल्हापूरची गाडी लागली नाही.

तिसरा निर्णय : क्षयाची औषधे

या प्रकरणातला खरा पेच हाच होता. पाण्याचा अहवाल आला : प्रथिने ४.४, रक्तातील ६.८, म्हणजे गुणोत्तर अर्ध्याहून जास्त आणि पाणी दाहजन्य, पेशींत ८२ टक्के लिम्फोसाइट, साखर सामान्य, एडीए (क्षयाच्या पाण्यात वाढणारे एक विकर) २७, सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह. दाहजन्य आणि लिम्फोसाइटप्रधान एवढेच वाचून अनेक ठिकाणी त्याच दिवशी क्षयाची औषधे सुरू होतात. सल्ल्यासाठी विचारलेल्या एका सहकाऱ्यांचे मतही तेच होते, आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता : सीबीनॅट छातीतील पाण्यात बऱ्याचदा क्षय असूनही निगेटिव्ह येतो, रुग्णाला मधुमेह आहे, घरात जुना क्षय आहे, आणि उपचार उशिरा सुरू झाल्याची किंमत मोठी.

दुसऱ्या पारड्यात तीन गोष्टी होत्या. एडीए ४०च्या खाली होता; क्षयाच्या पाण्यात तो सहसा वर असतो. महिन्यानंतरचे बायपासचे पाणीही लिम्फोसाइटप्रधानच असते, म्हणजे तो आकडा दोन्ही बाजूंना साक्ष देतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. तिसरी गोष्ट औषधांची होती. क्षयावरचे रिफॅम्पिसिन यकृतातील औषध मोडणारी यंत्रणा वेगवान करते. रुग्णाचे मेटोप्रोलॉल, अटॉर्व्हास्टॅटिन आणि ग्लिमेपिराइड या तिन्हींचा प्रभाव त्याने घटला असता. नुकतीच बायपास झालेल्या मधुमेही माणसात सहा महिने नाडी, कोलेस्टेरॉल आणि साखर तिन्ही हातातून निसटू देणे हा 'कशाला धोका घ्या' म्हणून करायचा उपाय नाही.

फुप्फुसावरणाचा तुकडा काढून तपासणे हा निर्णायक मार्ग होता. त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागले असते आणि क्लोपिडोग्रेल थांबवावे लागले असते. अखेर असे ठरले की क्षयाची औषधे दोन आठवडे लांबवायची, पाणी कल्चरला, म्हणजे त्यात क्षयजंतू वाढतात का हे पाहायला, लावायचे, आणि या मुदतीत वजन घटले, ताप वाढला किंवा पाणी पूर्वीइतके भरले तर तुकडा काढण्यासाठी पाठवायचे. या अटी कागदावर लिहून एक प्रत घरच्यांकडे आणि एक गावातील डॉक्टरांकडे दिली.

उपचार आणि त्यांतील तडजोड

दाह कमी करण्यासाठी आयब्युप्रोफेनसारखी औषधे पाठ्यपुस्तकात पहिली येतात, पण बायपासनंतरच्या दुखण्यासाठी ती देऊ नयेत असा ठळक इशारा त्या गोळ्यांच्या माहितीपत्रकातच असतो, आणि मूत्रपिंड आधीच थोडे कमजोर होते. स्टिरॉइडने साखर वाढली असती, आणि क्षय असलाच तर त्याला आयते रान मिळाले असते. म्हणून कोल्चिसीन ०.५ मिलीग्रॅम दिवसातून एकदा सुरू केले. या औषधाबद्दलची सर्वांत परिचित चाचणी, २०१० साली प्रसिद्ध झालेली कॉप्स, ३६० रुग्णांवर झाली होती आणि तिच्यात हा सिंड्रोम होण्याचे प्रमाण कोल्चिसीनने २१.१ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आले होते. मात्र ती चाचणी प्रतिबंधाची होती, झालेल्या आजाराच्या उपचाराची नव्हे, हे लक्षात ठेवूनच औषध निवडले. स्टॅटिनबरोबर ते घेताना स्नायू दुखू लागल्यास लगेच कळवायला सांगितले.

दुसरी बाजू श्वासाच्या व्यायामाची. मुंबईहून दिलेले तीन चेंडूंचे यंत्र पिशवीतून बाहेर निघाले तेव्हा ते बिघडलेले आहे असे घरच्यांनी सांगितले. रुग्णाला करून दाखवायला लावले, तर ते नळीत जोराने फुंकत होते. चेंडू अर्थातच हलत नव्हते. "आबा, फुंकायचे नाही, विडीसारखे आत ओढायचे," असे सांगितल्यावर पहिला चेंडू लगेच वर गेला. छातीचा पट्टाही इतका आवळलेला होता की खोल श्वासाला जागाच नव्हती. तो दोन बोटे जातील इतका सैल केला, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला शिकवले. घरात गणपतीची ये-जा असताना ते पाहुण्यांसमोर बसून राहत आणि व्यायाम चुकत असे, म्हणून सकाळ-संध्याकाळच्या आरतीआधी दहा श्वास, असे सूनबाईंनी ठरवून दिले आणि ते पाळले गेले.

परिणाम

चौथ्या दिवशी ताप गेला. दहाव्या दिवशीच्या सोनोग्राफीत पाणी थोडे पुन्हा साचलेले दिसले, पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. दम नव्हता, वजन स्थिर होते, हृदयाभोवतीचे पाणी वाढले नव्हते. ठरलेल्या अटींपैकी एकही पूर्ण झाली नव्हती, म्हणून तुकडा काढायला पाठवले नाही. पण पाणी पुन्हा साचत होते, म्हणून शल्यचिकित्सकांशी बोलून आधी टाळलेले स्टिरॉइड, प्रेडनिसोलोन ३० मिलीग्रॅमवर सुरू करून चार आठवड्यांत उतरवत बंद केले. साखर अपेक्षेप्रमाणे चढली. त्या काळापुरते सकाळी इन्सुलिन द्यावे लागले. सहा आठवड्यांनी कल्चर निगेटिव्ह आले. तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेत डाव्या कोपऱ्याचा किंचित बोथटपणा सोडता छाती स्वच्छ होती, आणि रुग्ण बागेत मोहोराआधीच्या फवारणीची देखरेख करू लागले होते. स्वतः फवारणी करायला मात्र मनाई केली. औषधाचा धूर आणि नुकते सावरलेले फुप्फुस एकत्र नकोत.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त बदल डिस्चार्जच्या दिवशीचा आहे. 'समाधानकारक' या शब्दाऐवजी 'डाव्या कोपऱ्यात थोडे पाणी, तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे' एवढी ओळ लिहिली असती आणि फिल्म रुग्णाच्या सामानात गेली असती, तर गावातील डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दिशा मिळाली असती. दूर गावी परतणाऱ्या रुग्णाला तर ही फिल्म गोळ्यांच्या पिशवीतच द्यावी. व्यायामाचे यंत्र देताना रुग्णाकडून एकदा चेंडू उचलवून घेणे, हेही त्याच पंधरा मिनिटांत होण्यासारखे आहे. विडी महिना-दोन महिने आधी सुटली असती तर बरे झाले असते, पण तिन्ही वाहिन्या बंद असताना शस्त्रक्रिया तेवढी लांबवणे शहाणपणाचे ठरले नसते, त्यामुळे त्याचा दोष वेळापत्रकाला देता येत नाही.

स्टिरॉइडबाबत दुमत उरते. कल्चरचा निकाल हाती नसताना ते देणे सहकाऱ्यांना आजही मान्य नाही. त्यांच्या मते दुसऱ्यांदा पाणी दिसले तेव्हाच तुकडा काढायला पाठवायला हवे होते. लक्षणे नसलेल्या रुग्णात तेवढे पाणी नुसते पाहत राहणे हा तिसरा मार्गही होता, आणि तो निवडला असता तर इन्सुलिन टळले असते. माझा कल अजूनही घेतलेल्या निर्णयाकडे आहे, कारण हृदयाभोवतीचे पाणी घाटापलीकडच्या उपचारकेंद्रापासून इतक्या दूर असताना वाढले असते तर सावरायला वेळ मिळाला नसता. तोच रुग्ण कोल्हापुरात राहत असता, तर मी पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबलो असतो.